प्रश्न तिसरा

पुण्यात समुद्र नाही.
भोसरीच्या शेडमध्ये जो आहे तो टँकरने येतो,
मंगळवारी नि शुक्रवारी,
आणि पाइप गुंडाळताना ड्रायव्हर न चुकता विचारतो,
'बुडालं का कुणी?'

क्लोरिनचा वास. पत्र्यावर कबुतरं.
साडेचार मीटर खोल हौद,
लाटांसाठी एक मोटर.
ती बंद केली की समुद्र
गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा हळूहळू निवतो.

मी काचेमागे बसते.
मला पोहता येत नाही.
तेलाचा प्लॅटफॉर्म मी फक्त फोटोत पाहिलाय,
चार पायांवर उभा, पाण्यात शिरलेल्या म्हशीसारखा.
माझं काम एवढंच:
भोंगा ऐन भरात असताना लाल बटण दाबायचं.
दिवे जातात, पडद्यावरची आग मिटते,
जो जिथे असेल तो तिथेच,
कुणीतरी स्टॅच्यू म्हटल्यासारखा.
मग टॉर्च घेऊन एकेकाला गाठायचं.
आत्ता काय दिसत होतं?
त्याचा अर्थ काय?
पुढच्या दोन मिनिटांत काय होईल?

काल नऊ जणांची बॅच.
ऋत्विज खळदकर, वय तेवीस,
घर इथलंच, इंद्रायणीनगर,
अजून हेलिकॉप्टरात बसलेला नाही.
घडाघडा बोलला.
गॅसचा दाब, वारा नैऋत्येचा,
दोन नंबरची लाइफबोट धुरात जाणार,
म्हणून एक नंबरकडे.
दहापैकी दहा.
इतकं स्वच्छ की मला माझंच अक्षर आवडलं.

अल्ताफ सोलकर, बुरोंडीचे.
बावीस वर्षं क्रेनवर.
दाब? 'बघितला नाही.'
वारा? त्यांनी गाल पुढे केला, मग हसले,
'इथे पंख्याचाच लागतो, मॅडम.'
शून्य. शून्य.
तिसरा प्रश्न.
अंधारात त्यांच्या बुटांतून पाणी निथळत होतं.
'दोन मिनिटांत तो पोरगा मागे फिरेल.'

कुठला?

'पाठांतरवाला.
भोंगा झाल्यापासून तीनदा मागचं दार बघितलंन त्यानं.
आलो त्याच वाटेनं जावंसं वाटतं माणसाला.
आणि त्याच्या पाठी दोघं आहेत, तोंडातून शब्द नाही,
ती त्याच्याच पाठी जाणार.'

उत्तरपत्रिकेत होतं: लाइफबोट क्रमांक दोन, धूर.
पोरग्यासाठी चौकट नव्हती.

मी बटण सोडलं.
भोंगा जिथे तुटला होता तिथूनच सुरू झाला.
एक मिनिट दहा सेकंद.
ऋत्विज वळला.
आला होता त्या दाराकडे,
धुरात,
दहापैकी दहा घेऊन.
मागोमाग ती दोघं.
आणि दारात सोलकर, आधीच पोचलेले,
हात आडवा,
रेल्वेच्या फाटकासारखा.

नंतर चहा.
टॉवेलमध्ये गुंडाळलेला ऋत्विज, ओठ निळे,
'मला माहीत होतं, मॅडम, एक नंबरच,' म्हणत राहिला.
खरंच होतं ते. त्याला माहीत होतं.
मी सोलकरांच्या कागदाच्या समासात
पेन्सिलीने एक आकडा लिहिला,
खोडला,
परत लिहिला.
समासातलं बेरजेत धरत नाहीत.

सही करायला ते काचेमागे आले.
सही केली, पेनाला टोपण लावलं,
खोलीभर एकदा नजर फिरवली
आणि सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,
'मॅडम, लाइट गेली, धूर झाला,
तर तुम्ही इथून कुठनं निघणार?'

माझं बोट उठलं
आणि गेलं ते रोज येते त्याच दाराकडे.

सोलकर काही बोलले नाहीत.
ते दुसऱ्या दाराकडे बघत होते.
त्याच्यासमोर खोके, एकावर एक, छातीपर्यंत,
गेल्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका,
बॅचवार लावलेल्या,
प्रत्येकावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी.